कुत्र्याच्या अंगावर गाठ सापडली, आता पुढे काय?

आमच्या शेरूच्या मांडीवर पहिल्यांदा गाठ हाताला लागली तेव्हा तो ७ वर्षांचा होता. वाटाण्याएवढी, मऊसर. दाबली तरी तो कुरकुरत नव्हता. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली, ‘चरबीची गाठ आहे, लॅब्राडोरना होतातच’ म्हणाले आणि आम्ही निर्धास्त होऊन घरी आलो. पाच महिन्यांनी ती लिंबाएवढी झाली, वरचे केस गेले आणि तो तिथे सारखा चाटू लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सुई टाकून गाठीतल्या पेशी तपासल्या. मास्ट सेल ट्यूमर निघाला. कुत्र्यांच्या कातडीत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तो हाच. शेरू वाचला, पण वाटाण्याएवढ्या गाठीसाठी जे ऑपरेशन छोटं झालं असतं, ते अर्ध्या मांडीचं झालं. ते पाच महिने दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

नव्याने कुत्रं पाळणाऱ्यांनी एक गोष्ट मनात पक्की धरावी: बोटांना गाठ कळत नाही. माझ्या बोटांना नाही, तुमच्या नाही आणि तीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांच्याही नाही. पुष्कळ गाठी निरुपद्रवी असतात हे खरंच आहे. पण आपल्या कुत्र्याची गाठ त्यांतलीच आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच सांगता येतं.

आधी बघा, ती गाठच आहे का

घाबरून जाण्याआधी दिवसाच्या उजेडात केस बाजूला सारून नीट बघा. पोटावर दोन ओळींत समोरासमोर असलेले छोटे उंचवटे हे स्तनाग्र असतात. ते नर कुत्र्यालाही असतात, साधारण आठ ते दहा. ‘निघत नसलेली गोचीड’ म्हणून लोक ते चिमट्याने ओढतात आणि बिचारं जनावर कळवळतं. खऱ्या गोचिडीला कातडीलगत पाय दिसतात. ती कातडीजवळ चिमट्याने धरून सरळ वर ओढून काढावी. रॉकेल किंवा पेटती काडी लावू नये. काढल्यावर तिथे काही दिवस छोटी गुठळी राहू शकते.

लस टोचलेल्या जागी येणारी गुठळी दोन-तीन आठवड्यांत विरते. महिना उलटला तरी राहिली तर दाखवायची. पिल्लाच्या बेंबीवर मऊ फुगा असेल आणि दाबल्यावर आत जात असेल तर तो बहुधा हर्निया. कान अचानक पुरीसारखा फुगला तर आत रक्त साचलेलं असतं. कानात खाज असल्याने कुत्रं डोकं झटकत राहतं आणि त्यातून हे होतं. मोठ्या, वजनदार कुत्र्यांच्या कोपरावर पाण्याने भरलेली पिशवी तयार होते, कारण आपल्याकडच्या घरांत सगळीकडे फरशी. अशा पिशवीत सुई खुपसून पाणी काढण्याची घाई करू नये, आत जंतू जातात. जाड गोधडी किंवा गादी अंथरा आणि त्याने तिच्यावरच झोपावं याची सवय लावा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. जबड्याखाली, खांद्यासमोर आणि मागच्या गुडघ्याच्या मागे कुत्र्याला लसिका ग्रंथी असतात. या जागी दोन्ही बाजूंना सारख्या गाठी हाताला लागल्या तर तो कातडीचा विषय नाही. गोचीडतापात त्या सुजतात आणि लिम्फोमा नावाच्या कर्करोगातही सुजतात. एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा.

महिन्यातून एकदा हात फिरवा आणि वहीत लिहा

मी संकष्टीला तपासते, कारण ती तारीख माझ्याकडून विसरली जात नाही. तुम्ही पगाराचा दिवस धरा, काहीही चालेल. संध्याकाळचं फिरणं झाल्यावर कुत्रं शांत असतं, तेव्हा बसा. ओठ उचलून हिरड्या बघा, मग कानांच्या आत-बाहेर, गळा, काखा, छाती, पोट, स्तनांच्या दोन्ही ओळी, जांघा, शेपटी उचलून गुदद्वाराभोवती आणि शेवटी पायाच्या बोटांच्या मधे. वरवर कुरवाळून चालत नाही. बोटं कातडीपर्यंत पोचली पाहिजेत, केसाळ कुत्र्यात तर नक्कीच. पहिले दोन-तीन महिने फार काही समजणार नाही, पण आपल्या कुत्र्याचं अंग एरवी कसं लागतं हे हाताला पाठ होतं. मग नवं काही आलं की हात आपोआप थबकतो.

गाठ सापडली की वहीच्या पानावर कुत्र्याचा ओबडधोबड आकार काढून जागेवर फुली मारा. तारीख, लांबी-रुंदी, मऊ की टणक, कातडीबरोबर हलते की आत चिकटलेली, वर केस आहेत की नाहीत, दुखते का, एवढं लिहा. शिवणकामाच्या टेपने मोजलं तरी पुरे. फोटो काढताना शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे पुढच्या महिन्यातल्या फोटोशी ताडून बघता येतं. ‘वाढलीय असं वाटतंय’ असं सांगण्यापेक्षा ‘४ मार्चला ८ मिलिमीटर होती, आज १४ आहे’ हे सांगितलं की डॉक्टरांच्या हातात काहीतरी ठोस पडतं. शेरूच्या वेळी माझ्याकडे वही नव्हती. ‘थोडी मोठी झालीय बहुतेक’ असं मी तीनदा स्वतःशीच म्हटलं आणि तीनदा सोडून दिलं.

किती घाई करायची

बऱ्याच पशुवैद्यकांनी सांगितलेला सोपा नियम असा: गाठ वाटाण्यापेक्षा मोठी असेल, म्हणजे साधारण १ सेंटिमीटर, किंवा महिनाभर टिकून असेल, तर तपासून घ्यायची. वाढतेय की नाही याची वाट बघत बसायचं नाही.

त्याच दिवशी पळावं लागेल अशाही काही वेळा असतात. गाठ तासाभरात सुजली, चेहरा किंवा डोळे सुजले, गाठीतून रक्त थांबत नाही, जागा गरम आणि दुखरी आहे आणि कुत्रं जेवत नाही, गाठ असताना उलट्या किंवा डांबरासारखी काळी शी सुरू झाली. यातलं शेवटचं लोक गाठीशी जोडत नाहीत. मास्ट सेलच्या गाठीतून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, त्याने पोटात जास्त आम्ल तयार होऊन व्रण पडतात आणि शी काळी होते. याच हिस्टामिनमुळे ही गाठ सकाळी मोठी तर संध्याकाळी लहान दिसू शकते. ‘कमी झाली, म्हणजे बरी होतेय’ असं समजून फसू नका. कमी-जास्त होणारी गाठ जास्त संशयाची.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. फुटलेल्या गाठीवर माशी अंडी घालते आणि दोन दिवसांत जखमेत अळ्या पडतात. घाण वास आला, कुत्रं एकाच जागी अस्वस्थपणे चावू लागलं, की केस बाजूला करून बघा आणि दवाखान्यात न्या. फिनेल ओतू नका. त्याने अळ्यांबरोबर कुत्र्याचं मांसही भाजतं आणि चाटलं तर विषबाधा होते.

सुईची तपासणी, म्हणजे नेमकं काय

हा सगळ्या लेखातला महत्त्वाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर. डॉक्टर तिला एफएनएसी म्हणतात. इंजेक्शनला वापरतात तशीच बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी घेतात, त्या काचपट्टीवर पसरतात, वाळवतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बहुतेक कुत्र्यांना भूल लागत नाही. शेरू तेव्हा माझ्या हातातली पोळी खात होता, सुई कधी गेली त्याला कळलंही नाही.

चरबीच्या गाठीतून तेलकट थेंब येतो आणि काचपट्टी वाळत नाही. मास्ट सेलच्या पेशींत गडद जांभळे दाणे गच्च भरलेले असतात. अनुभवी नजरेला ते काही मिनिटांत ओळखू येतात. म्हणूनच ही तपासणी इतकी स्वस्त असूनही इतकी कामाची.

तिला मर्यादाही आहे. काही सार्कोमा प्रकारच्या, म्हणजे मांस-चरबीसारख्या ऊतींतून होणाऱ्या कर्करोगाच्या गाठी सुईला पेशी सहज देत नाहीत, नुसतं रक्त येतं. तेव्हा ‘काही निघालं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही. पुन्हा सुई टाकावी लागते, नाहीतर छोटा तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. मऊ, हळूहळू वाढणारा सार्कोमा हाताला अगदी चरबीच्या गाठीसारखा लागू शकतो.

डॉक्टरांना काय विचारायचं? ‘सुई टाकून बघूया का?’ एवढंच. संकोच करू नका. यात त्यांच्या ज्ञानावर शंका घेतल्यासारखं काही नाही. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल तर वाळलेल्या काचपट्ट्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेकडे कुरिअरने जातात. फक्त त्या फॉर्मेलिनच्या (तुकडे टिकवायच्या द्रावणाच्या) बाटलीसोबत एकाच खोक्यात घालू नयेत, वाफेने पेशी खराब होतात. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूर, परभणी आणि उदगीरची महाविद्यालयं हाही आधार आहे. तिथे गर्दी असते, थांबावं लागतं, पण शिकवणारे सर्जन आणि पॅथॉलॉजीची माणसं एकाच आवारात असतात.

नेहमी भेटणाऱ्या गाठी

चरबीची गाठ, लायपोमा, मध्यम वयानंतर आणि जाड कुत्र्यांत जास्त. सुईने खात्री झाली की मोजत राहायचं. काखेत किंवा जांघेत चालण्याच्या आड येत असेल तरच काढतात. वर्षा-दोन वर्षांच्या कुत्र्याच्या कानावर किंवा पायावर लाल, बिनकेसांचं, बटणासारखं काही आलं तर बहुधा हिस्टिओसायटोमा नावाची निरुपद्रवी गाठ; ती दोन-तीन महिन्यांत आपली आपण जिरते. लहान वयात ओठांवर, तोंडात फुलकोबीसारखे मस येतात ते विषाणूचे, तेही जातात. ते इतर कुत्र्यांना लागतात, माणसाला लागत नाहीत. म्हणून तेवढे दिवस पाण्याचं भांडं वेगळं ठेवा. म्हाताऱ्या कॉकर आणि पूडल जातीच्या कुत्र्यांच्या अंगावर तेलग्रंथींच्या चामखिळी पुष्कळ येतात. न कापलेल्या, म्हणजे नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या नरात गुदद्वाराभोवती गाठी येतात, त्यांतल्या बऱ्याच नसबंदीनंतर लहान होतात.

भरून न येणारी जखम हीदेखील गाठीइतकीच गंभीर धरा. पांढऱ्या, विरळ केसांच्या पोटावर, जिथे ऊन लागतं, तिथे महिनाभर खपली धरून पुन्हा फुटणारी जागा असेल तर तपासा. तोंडातली आणि नखाच्या मुळाशी आलेली काळी गाठही थांबण्यासारखी नाही.

मादीच्या स्तनांबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. तिला स्तनग्रंथींच्या पाच जोड्या असतात आणि गाठी बहुधा मागच्या दोन जोड्यांत येतात. साधारण निम्म्या गाठी कर्करोगाच्या निघतात. पहिल्या माजाच्या आधी नसबंदी केली तर हा धोका खूप कमी होतो, पण आपल्याकडे अजून ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर पाप लागतं’ असं म्हणणारे भेटतात. पिल्लं होऊ दिल्याने तिला या आजारापासून कसलंही संरक्षण मिळत नाही. मोठ्या जातीच्या कुत्रीत नसबंदीचं योग्य वय सांध्यांचा विचार करून ठरवतात, ते डॉक्टरांशी बोला. नुकती व्यालेली कुत्री किंवा खोटी गर्भारपणं येणारी कुत्री असेल तर स्तन सुजतात. तो वेगळा प्रकार, पण दाखवायचा तोही.

रस्त्यावरचं कुत्रं घरी आणलं असेल तर टीव्हीटी, म्हणजे समागमातून पसरणारा कर्करोग, माहीत हवा. मादीच्या योनीतून किंवा नराच्या लिंगावर फुलकोबीसारखी, नाजूक, रक्त गळणारी वाढ. अनेकांना वाटतं मादी माजावर आहे म्हणून रक्त जातंय, आणि महिने निघून जातात. हा कर्करोग एका कुत्र्याच्या जिवंत पेशी दुसऱ्याच्या अंगावर रुजून पसरतो. समागमातून, चाटण्या-हुंगण्यातूनही. म्हणून तो कधी नाकात किंवा तोंडातही सापडतो. रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ मध्ये एका कुत्र्याची गाठ दुसऱ्यात रुजवून दाखवली, ती याच रोगाची. ऐकायला भयंकर वाटतं, पण कर्करोगांमध्ये बरा होण्याची इतकी चांगली आशा क्वचितच असते. व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, बहुधा चार ते आठ वेळा, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. दर वेळी आधी रक्त तपासतात. औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं, म्हणून ते हात बसलेल्या डॉक्टरांकडूनच घ्यावं. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस शी-शू साफ करताना हातमोजे घाला, गरोदर बाईने ते काम करू नये. गल्लीतल्या कुत्रीला असं रक्त दिसलं तर जवळच्या प्राणिसंस्थेला कळवा. एक कुत्री बरी झाली की तिच्यापासून पुढे होणारी सगळी लागण थांबते.

घरी करू नका असं बरंच काही

बिब्बा, चुना, रुईचा चीक, शेराचा चीक, घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधणं. हे सगळं मी पाहिलंय, आणि करणाऱ्यांच्या मनात माया होती हेही पाहिलंय. बिब्ब्याने कातडी भाजते, चीक चाटताना तोंडात आणि डोळ्यात जातो, बांधलेला केस गाठ कुजवतो आणि खाली मूळ तसंच राहतं. पिळून बघायचा मोह तर मुळीच नको. मास्ट सेलची गाठ चोळली की हिस्टामिन एकदम सुटतं.

माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात. आणि निदान व्हायच्या आधी ‘सूज उतरवायला’ म्हणून स्टेरॉइड देऊ नका, कुणी सुचवलं तरी आधी सुई टाकायला सांगा. स्टेरॉइडने मास्ट सेल आणि लिम्फोमाच्या गाठी तात्पुरत्या लहान होतात. आपण समाधान मानतो आणि नंतरची तपासणी मात्र बिघडते.

काढायची ठरली तर

ऑपरेशनआधी रक्ततपासणी होईलच, पण प्लेटलेट किती आहेत हे मुद्दाम विचारा. आपल्याकडे गोचीडताप इतका आहे की बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही प्लेटलेट कमी सापडतात आणि टेबलावर रक्त थांबत नाही. कर्करोगाची शंका असेल तर छातीचा एक्स-रे आधी काढतात, कारण फुप्फुसात पसरलेला असेल तर सगळा बेतच बदलतो. उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. लहान पिल्लाला फार उपाशी ठेवत नाहीत.

कर्करोगाच्या गाठीभोवतीचं निरोगी दिसणारं मांसही काढावं लागतं. मास्ट सेलमध्ये पुष्कळदा चहूबाजूंनी २ ते ३ सेंटिमीटर आणि खालचा एक थर. जखम बघून माझ्या पोटात गोळा आला होता, पण गाठ नेमकी काय आहे हे आधी कळलेलं असेल तरच पहिल्याच वेळी एवढं काढता येतं. दुसऱ्यांदा कापणं जास्त अवघड.

काढलेली गाठ फेकू देऊ नका. ती पूर्ण फॉर्मेलिनमध्ये घालून हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला पाठवायची, चरबीची ‘वाटत’ असली तरी. अहवालात दोन गोष्टी शोधा: कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत कर्करोगाच्या पेशी नाहीत ना, आणि ग्रेड, म्हणजे कर्करोग किती आक्रमक आहे. मास्ट सेलसाठी २०११ पासून लो आणि हाय अशी सुटसुटीत विभागणी वापरतात. शेरूचा लो होता आणि कडा मोकळ्या होत्या. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

घरी आल्यावर टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला शंकूसारखा प्लास्टिकचा कोन काढायचा नाही. कुत्रा केविलवाणं बघेल, दारांना धडकेल, तुमचं मन विरघळेल. पण दोन मिनिटांत तो दातांनी सगळे टाके उपसू शकतो. जिने आणि उड्या बंद, लघवीपुरतं पट्ट्याला धरून बाहेर. जखम ओली दिसली, वास आला किंवा टाका सुटला तर फोन करा. खर्चाचं आधीच स्पष्ट विचारा: भूल, ऑपरेशन, हिस्टोपॅथॉलॉजी आणि पुढच्या भेटी वेगवेगळ्या धरून. पैसे कमी पडतात म्हणून ऑपरेशन राहिलंच तरी सुईची तपासणी सोडू नका. निदान काय आहे हे कळलं की कोणता उपाय किती दिवस थांबू शकतो, हे डॉक्टर सांगू शकतात.

कुत्रं चौदा-पंधरा वर्षांचं असेल, हृदय थकलेलं असेल, तर न कापण्याचा निर्णयही मायेचाच असतो. वेदना कमी ठेवणं, जखम स्वच्छ ठेवणं, आवडीचं खाऊ घालणं. फक्त तो निर्णय गाठ काय आहे हे माहीत असताना घ्यावा.

मास्ट सेल एकदा झालेल्या कुत्र्याला दुसऱ्या जागी नवी गाठ येऊ शकते, म्हणून आमची वही चालूच आहे. शेरू आता ११ वर्षांचा आहे. वहीतल्या त्याच्या चित्रावर सहा फुल्या आहेत. चार चरबीच्या, एक तेलग्रंथीची, आणि मागच्या संकष्टीला डाव्या काखेत सापडलेली सहावी ९ मिलिमीटरची. तिच्यासाठी गुरुवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे.